धुऱ्यावरचा लाटसाहेब

आमच्या वावरात धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या विहिरीच्या काठावर एक इंग्रज बसलेला असायचा. पुरता नव्हे, छातीपासून वर. पांढऱ्या संगमरवराचा. कानापासून हनुवटीपर्यंत उतरलेले भरघोस कल्ले, बैलावर झूल टाकावी तसा खांद्यावर जड झगा, आणि नाकाचा शेंडा उडालेला. आमच्या आजोबांनी विहीर बांधायला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारातले दगड लिलावात घेतले, त्या गाड्यांतून हाही आला. बाकीचे दगड विहिरीत गेले. याला बांधकामात घालायला गवंडी तयार होईना. "तोंड हाय त्याले," म्हणाला, "तोंडावर चुना कसा टाकू?" म्हणून तो काठावर राहिला. कापूस वेचायला आलेल्या बाया त्याच्या डोक्याला डब्याच्या पिशव्या अडकवायच्या. मी स्वतः त्याच्या खांद्यावर बसून पुष्कळ बोरं खाल्ली आहेत.

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या घराण्याला आधीच बराच ताप झाला आहे, आणि त्यातला थोडा माझ्यामुळे.

मी इतिहास शिकवतो, वर्ध्याच्या एका कॉलेजात. त्यामुळे हा बाबा कोण, हे अख्ख्या गावात एकट्या मलाच ठाऊक होतं. पुतळ्याच्या बुडाशी इंग्रजीत नाव कोरलेलं होतं, आणि विद्यार्थी असताना नागपूरच्या ग्रंथालयात बसून मी त्याच्याबद्दल वाचलं होतं. मोठ्या जमीनदार घराण्यातला थोरला मुलगा. घोडे, शिकार, जुन्या ग्रीक कविता. वडील गेल्यावर लॉर्ड झाला, पुढे लंडनच्या मंत्रिमंडळात बसून हिंदुस्थानचा कारभार पाहू लागला. हिंदुस्थानात त्यानं जन्मात पाऊल ठेवलं नाही. तिकडच्या गिरण्यांना कापूस कमी पडला तेव्हा नकाशात आमच्या भागावर बोट ठेवून इथून गाठी लवकर कशा निघतील, तेवढं त्यानं पाहिलं. दुष्काळात धान्याच्या भावात सरकारनं हात घालू नये, या मताचा. त्याच्या देशात त्याला थोर मुत्सद्दी म्हणत. तो फार कमी बोलायचा, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला लोक शहाणा समजतात. हे मला स्वानुभवानंही माहीत आहे.

अलीकडे तिकडे त्याची पत उतरली. पुतळे काढले गेले, रस्त्यांची नावं बदलली. आणि नेमका त्याच काळात तो आमच्या धुऱ्यावर चढत गेला. ते कसं झालं, ते मी कधी कुठे नीट सांगितलं नाही. एकदा सांगितलं, तर कुणी ऐकलं नाही. म्हणून लिहितो.

आंजीकडून येणारा आमचा रस्ता रुंद व्हायचा होता. मोजणीवाले येऊन खुंट्या ठोकून गेले आणि जाताना आमच्या विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची फुली मारून गेले. त्या रविवारी माझा थोरला भाऊ वर्ध्याला घरी आला. दादा कधी न कळवता येत नाही. आला, पाणी प्याला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"इहीर जाऊन राह्यली," म्हणाला.

"मोबदला देतील न?"

"मोबदला बादलीनं शेंदता येते का रे?"

त्या विहिरीच्या पाण्यावर दादानं वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, काढून देवळीच्या बाजारात विकला आणि मी शिकलो. हे तो कधी बोलून दाखवत नाही, आणि त्याचं न बोलणंच मला जास्त लागतं.

"नाल्यापाशी मारुतीचं देऊळ आलं त रस्ता वाकलाच न," तो म्हणाला. मग टोपी उचलून डोक्यावर घातली. "तुह्या त्या इंग्रजाचं काई होत नाई का?"

मी हसलो. तो हसला नाही.

पहिल्या वेच्याच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. कापूस वेचायला लागण्याआधी वावराला दहीभाताचा नैवेद्य. त्या वर्षी दादाच्या सांगण्यावरून वहिनीनं त्यातला एक द्रोण लाटसाहेबापुढे ठेवला. बायांनी विचारलं, हे काऊन? आणि दादानं माझ्याकडे बोट केलं. "त्याले इचारा. तो प्रोफेसर हाय."

मग मी बोललो. वर्गात मला जे कधी जमलं नाही ते त्या दिवशी धुऱ्यावर उभं राहून जमलं. सांगितलं, की हा लाटसाहेब मोठा दयाळू होता. आपली रयत पाहायला वेष पालटून बैलगाडीनं याच रस्त्यानं आला होता. उन्हानं घेरी आली तेव्हा इथल्या एका बाईनं त्याला ओंजळीनं पाणी पाजलं. शेतकऱ्यांचे हाल पाहून तो रडला, सारा माफ करवला, आणि जाताना बोलून गेला, की या धुऱ्यावर येऊन जो मागेल त्याचं काम अडून राहणार नाही. शेवटचं वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं. बाया इतक्या मन लावून ऐकत होत्या की ते तोंडातून निघून गेलं. पुढे तेच वाक्य सगळ्यात जास्त चाललं.

वेचणाऱ्या बायांनी गोष्ट संध्याकाळपर्यंत गावात नेली, आणि मग ती माझ्या हातात राहिली नाही.

पहिला वाद शेंदराचा झाला. दगडात देव आहे म्हटल्यावर शेंदूर हवा. पण म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं पडलं की साहेब जातीचा गोरा, त्याला शेंदूर सोसणार नाही. म्हणून पावडर ठरली. लहान बाळांना लावतात ती. रोज सकाळी वहिनी त्याला आंघोळ घालून पावडर लावायची. वार कोणता, हा दुसरा प्रश्न. रविवार, कारण तो इंग्रज, त्याला रविवारीच सवड. नैवेद्याला बाहेर कुठे कुठे अशा साहेबांना दारू ठेवतात म्हणे. पण आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणून याला कपबशीत चहा आणि वर्ध्याचं बिस्किट, गोरसपाक. पिशवीतून लपवून दुसरं काही आणणारेही निघाले, आणि दादानं त्यांना धुऱ्यावरून हाकललं. "बापूंच्या जिल्ह्यात हाय म्हणा त्याले," म्हणाला, "त्याच्या देशात नाई."

साहेब मोठा मंत्री होता हे कळल्यावर लोक सरकारी कामं घेऊन यायला लागले. जातीचा दाखला, फेरफार, बदली, कृषिपंपाची जोडणी. अडकलेल्या अर्जाची झेरॉक्स साहेबाच्या छातीशी ठेवायची आणि वर खडा. काम झालं की नवस फेडायचा. साहेबाला नारळ काय करायचा? कुणीतरी टाय आणला. शाळेतल्या पोरांचा, इलास्टिकचा. मग टायच सुरू झाले. निळे, लाल, पट्ट्यापट्ट्यांचे, कशावर कॉन्व्हेंटचं चिन्ह. त्या टायांत साहेबाचा झगा दिसेनासा झाला.

रस्त्याचे इंजिनिअर आले तेव्हा तिथे अशी गर्दी होती. त्यांनी धुऱ्याखाली बूट काढले, हात जोडले आणि नकाशा गुंडाळला. निघताना खिशातून एक घडी केलेला कागद काढून छातीशी ठेवला. बदलीचा असावा. दादानं वर खडा ठेवला.

रस्ता वाकला.

इथपर्यंत मी ही गोष्ट मित्रांत हसत सांगितलेली आहे. पुढची सांगितलेली नाही.

रस्ता एका बाजूनं वाकतो तेव्हा दुसऱ्या बाजूला शिरतो. समोर काकूचं वावर. सख्खी काकू नव्हे, पण शाळेतून येताना मी तिच्या विहिरीवर पाणी प्यालो, तिच्या हातची चटणी-भाकर खाल्ली. काका गेल्यापासून ती एकटीच वावर करत होती. दादाची विहीर वाचल्याचे पेढे वर्ध्याला आले. पुढच्या रविवारी मी गावी गेलो, तर समोरच्या विहिरीत टिप्पर मुरूम ओतत होता. काकू बांधावर उभी राहून पाहत होती.

"पाह्य लेका," मला म्हणाली, "भरतच नाई लवकर. खोल होती न."

हे आपल्यामुळे झालं, हे मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणालो, "ऊन आहे काकू, सावलीत बसा."

तिनं बोअर मारली; धूळ निघाली. दुसरीकडे मारली; तिथेही धूळ. वांगी गेली, गहू गेला, पावसावर येईल तेवढी कपाशी उरली. मग ती आमच्या धुऱ्यावर यायला लागली. दर रविवारी रस्ता ओलांडायची, ज्या साहेबापायी विहीर गेली त्याच्यापुढे बसायची आणि पाणी मागायची. काम व्हायच्या आधीच तिनं टाय आणून ठेवला होता. पिशवीतून काढून मला दाखवला.

"देवळीच्या बाजारातून आनला. कोन्त्या शाळेचा हाय मले माहीत नाई. पन इलास्टिकचा हाय, गाठ माराचा तरास नाई त्याले."

मी मान हलवली.

"तुले एक काम सांगू का बाबू?" तिनं इकडेतिकडे पाहिलं. "मी एवढ्या रविवारची बोलून राह्यली याच्यासंग, काई फरक नाई. माह्यं बोलनं त्याले समजत नसन. तू इंग्रजीत सांग न."

"काकू, देवाला भाषा..."

"हा देव इंग्रज हाय न? सांग. माह्यासाठी सांग."

मग मी तिथे उभा राहिलो. मागे दहा-पंधरा माणसं आपापल्या झेरॉक्स घेऊन रांगेत. समोर पावडर लावलेला लॉर्ड, ज्याचं चरित्र मला पाठ होतं. मी त्या दगडाला स्वच्छ इंग्रजीत म्हणालो, की मी खोटारडा आहे, तुझी सगळी कीर्ती मी रचली, या बाईची विहीर माझ्या तोंडानं गेली, आणि हे तिला तिच्या भाषेत सांगायची हिंमत माझ्यात नाही.

काकूनं डोळे मिटून हात जोडले होते. झाल्यावर म्हणाली, "किती चांगलं सांगतलंस रे. मले काई समजलं नाई, पन तुह्या डोयात पानी आलतं."

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर म्हणालो, ऊन लागलं.

माझ्या एका विद्यार्थिनीनं साहेबाचा मोबाइलवर व्हिडिओ केला होता. तो फिरत फिरत कुठे जावा, तर इंग्लंडात साहेबाच्या पणतवाच्या घरी. पणतू म्हणजे मधल्या एकदोन पिढ्या मी गाळतो आहे. त्याचा कॉलेजच्या पत्त्यावर ईमेल आला. आपल्या पूर्वजानं जगात जिथे जिथे नुकसान केलं तिथे जाऊन माफी मागायची, असं त्यानं निवृत्तीनंतर ठरवलं होतं. दोन देशांत मागून झाली होती. आता त्याला आमच्या धुऱ्यावर यायचं होतं.

गावात मी काय सांगितलं? सांगितलं, की साहेबाचा वंशज दर्शनाला येतो आहे. अजून एक खोटं. त्याची मला आता सवय झाली होती.

मंडप उभा राहिला. तो आला तो सेवाग्रामला जाऊन, अनवाणी पायांना फोड घेऊन. सत्तरीचा, लाजाळू, नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला. त्यामुळे तो थेट पुतळ्यासारखा दिसत होता, आणि बायांनी ते पाहून तोंडाला पदर लावले. सरपंचांनी त्याच्या डोक्यावर गांधी टोपी घातली, गळ्यात सूतमाळ घातली, हातात श्रीफळ दिलं. तो पूर्वजाच्या गळ्यातल्या टायांकडे पाहत राहिला. मला हळूच विचारलं, ही चेष्टा आहे का? असेल तर ती योग्यच आहे, असंही पुढे म्हणाला. मी म्हणालो, नाही, ही श्रद्धा आहे. त्याचा चेहरा आणखी पडला.

मग तो माइकपुढे उभा राहिला. हातात कागद नव्हता. म्हणाला, माझ्या पूर्वजानं तुम्हाला माणसं म्हणून पाहिलं नाही, कापसाच्या गाठी म्हणून पाहिलं. तुम्ही उपाशी असताना तो मोजमाप करत बसला. मी त्याच्या वतीनं तुमची क्षमा मागतो.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पहिल्या रांगेत दादा.

"साहेब म्हणतात," मी म्हणालो, "तुमच्या प्रेमानं ते भारावून गेले आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकी भयंकर कबुली दिल्यावर टाळ्या पडतात हे पाहून तो म्हातारा माइकपासून मागे सरला. म्हणाला, तुम्ही इतक्या सहज क्षमा करता? आणि टोपीनं डोळे पुसत रडायला लागला. ते पाहून मंडपातल्या बायाही रडल्या. सरपंचांनी नाक पुसलं. बँडवाल्याला वाटलं कार्यक्रम संपला, त्यानं ढोल हाणला.

काकू बायांत बसली होती. ती उठून उभी राहिली.

"थांबवा रे तो ढोल. हा काऊन रडून राह्यला?"

"आनंदानं," मी म्हणालो.

"आनंदानं कोनी असं रडते का? माह्या घरी मयत झालं तवा मी अशी रडलती. काय म्हनते तो, खरं सांग."

दादा खुर्चीत ताठ झाला. मी काकूकडे पाहिलं. तिच्या हातात ती पिशवी होती, आत टाय.

"माफी मागतो," मी म्हणालो.

"कायची?"

"त्याच्या आज्यापणज्यानं आपलं वाईट केलं त्याची."

मंडपात कुजबुज झाली. काकूनं मान डोलावली, जणू आता सगळं जुळलं. "म्हनजे यानंच नेली न माही इहीर? मले वाटतच होतं."

"नाही काकू." माइक चालू होता. माझा आवाज समोरच्या वावरापर्यंत जाऊन परत येत होता. "यानं नाई नेली. मीनं नेली. हा साहेब इथं कधी आलाच नाई. रडला नाई, सारा माफ केला नाई. ते सारं मीनं बनवून सांगतलं. दादाची विहीर वाचावी म्हणून. रस्ता वाकला तो माह्या गोष्टीनं वाकला, अन् तुमच्या विहिरीवर गेला."

मग दादा शांतपणे म्हणाला, "ऊन लागलं त्याले. पानी द्या."

हशा पिकला. मागून एक जण ओरडला, "मंग माह्या पोराचा दाखला कोनं काढला, मास्तर? तुह्या बापानं?" दुसरा म्हणाला, लय शिकलं की असंच होते बाप्पा. सरपंचांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि मला खुर्चीवर बसवलं. कोणीतरी खरोखरच कांदा आणला आणि नाकाशी धरला.

पाहुणा विचारत होता, काय झालं? मी कांद्याआडून त्याला सगळं इंग्रजीत सांगितलं. तो ऐकत राहिला. मग इतक्या वेळात पहिल्यांदा हसला. म्हणाला, म्हणजे त्याच्याबद्दल आजवर चांगलं बोललेला शेवटचा माणूस तू, आणि तेही खोटं. आणि विचारलं, विहीर कुठे आहे?

तो उठून चालू लागला. मागे काकू, मागे मी, मागे सगळा मंडप. रस्त्याच्या कडेला मुरमाचा एक गोल थोडा खचलेला होता, त्यात बाभळीचं रोप आलं होतं. म्हातारा टोपी काढून त्याच्यापुढे उभा राहिला. काकू त्याच्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे.

"हा खरं बोलून राह्यला," ती म्हणाली. मोठ्यानं नव्हे. "याचं तोंड लहानपनापासून वळखतो मी. खोटं बोलला की खाली पाह्यते. आज वर पाहून राह्यला."

मला वाटलं आता ती मला बोलेल. मी तयार होतो. बरीच वर्षं तयार होतो. पण ती वळली आणि दादासमोर जाऊन उभी राहिली.

"तुही इहीर माह्या इहिरीच्या बदल्यात वाचली. अर्धं पानी माह्यं."

"अवो काकू, पानीच किती हाय तिले..."

"मी धुऱ्यावर जाऊन मागू का?"

दादाचं तोंड उघडं राहिलं. धुऱ्यावर जो मागेल त्याचं काम अडणार नाही. ही ओळ माझी; पण आता धुऱ्यावरची व्यवस्था दादाची होती, खडे दादा ठेवायचा. सगळं गाव पाहत होतं, मागे झेरॉक्सची रांग. नाही म्हणावं तर साहेब खोटा, साहेब खोटा तर मी खरा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हा हात उचलतो.

"देऊन द्या," वहिनी म्हणाली. "पाइप मोरीतून जाईन."

रस्त्याखाली पावसाच्या पाण्याची मोरी होती. तिच्यातून काळा पाइप गेला. एक दिवस आमच्या वावराला पाणी, एक दिवस काकूच्या. दादा माझ्याशी अजून धड बोलत नाही. फोन केला तर वहिनीला देतो. म्हातारा गोरसपाकाचे दोन डबे आणि पूर्वजाच्या गळ्यातला एक टाय घेऊन परत गेला. टाय मागताना खूप संकोचला.

गावाचं म्हणणं असं आहे, की लाटसाहेबाचा नातू आला, त्यानं स्वतः उभं राहून काकूची विहीर पाहिली आणि पाणी सुरू केलं. त्या दिवशी मास्तरला चक्कर आली, एवढाच माझा भाग. रांग वाढली आहे.

काकूला पहिल्या पाण्यावर वांगी झाली त्या रविवारी मी गेलो होतो. ती टाय घेऊन धुऱ्यावर आली. मी तिला थांबवलं. म्हणालो, "काकू, तुम्हाला तर माहीत आहे. यानं काही केलेलं नाही."

"मंग तुले बोलाची बुद्धी कोनं देली?"

मी साहेबाकडे पाहिलं.

"इतके दिवस मूग गिळून बसला होता न? याच्यापुढं इंग्रजीत बोललास, अन् मंगच मराठीत निंगालं." तिनं पिशवीतून टाय काढला. "मले रागही आला तुह्या. अजून हाय. तो वेगळा. धर त्याची मान."

साहेबाची मान हलत नाही. तरी तिनं सांगितलं म्हणून मी दोन्ही हातांनी धरली. पावडर माझ्या बोटांना लागली. तिनं इलास्टिक ताणून टाय त्याच्या डोक्यावरून खाली घेतला, कल्ल्यांपाशी अडकला तो ओढून बसवला, आणि मागे सरून पाहिलं.

"वाकडा हाय," म्हणाली. "नीट कर."

मी नीट केला.